अप्पांच्या पायाला कुरूप, शुगर अठरा वर्षांची. सोलापुरात पायाचं नीट कोण बघतं?

शहाबादी_फरशी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार. जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, अप्पा, वय ६९. चादरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मागावर उभं राहून काढली. शुगर अठरा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, मागच्या वर्षी रात्रीचं इन्सुलिनही लागलं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धरामेश्वराच्या यात्रेत, दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालतात, अडुसष्ट लिंगं पुरी करतात. यंदाही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई फरशी पुसायला बसली तर न्हाणीपासून देवघरापर्यंत शहाबादीवर एकाआड एक लाल ठिपके. तिला वाटलं कुंकू सांडलं. बोट लावलं तर ओलं. अप्पांचा उजवा पाय वळवून बघितला, तर अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यात नारळाच्या करवंटीचा तुकडा रुतलेला, माझ्या नखाएवढा. अप्पा म्हणतात, "कुठाय? काय नाही." रात्रभर तो पायात घेऊन झोपले होते.

जखम तीन आठवड्यांत भरली. पण त्याच जागी आधीपासून घट्टा आहे, तो आता जास्तच कडक झालाय. दर रविवारी अप्पा ओट्यावर बसून दाढीच्या ब्लेडने तो तासतात. मी ओरडते, ते म्हणतात, "दुखत नाही तर तुला काय त्रास?" मेडिकलवाल्याने कॉर्नची पट्टी दिलीय, अजून लावलेली नाही. मावसबहीण म्हणते जुळे सोलापुरात पार्लरमध्ये छान पेडिक्युअर करतात, घेऊन जा.

दाताला डॉक्टर असतो तसा पायाला असतो का कुणी इथे? की पुण्यालाच न्यायचं?

---

कडकभाकरी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

अप्पा ब्लेडनं कापूलालेत वाचून अंगावर काटा आला की वो ताई. आमच्या मामानं भेगांत बिब्बा भरला होता, तापवून. शुगरवाला माणूस, चटका कळलाच नाही. बिब्बा उतला, सगळी टाच सोलून निघाली. दोन महिने खाटेवर. मामी अजून बिब्बा म्हटलं की शिव्या घालती. ब्लेड लपवा आधी, बाकीचं मागनं.

---

स्टेथो_खुंटीला | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

निवृत्त फिजिशियन आहे, त्यामुळे माझ्याकडे गिऱ्हाईक येईल या आशेने लिहीत नाही.

ती पट्टी लावू नका. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं. कडक कातडी विरघळवणं हे तिचं काम, पण कडक कुठे संपली आणि चांगली कुठे सुरू झाली हे तिला समजत नाही. एरवी माणसाला झोंबतं म्हणून तो काढून टाकतो. अप्पांना झोंबणार नाही.

वडिलांचं वाक्य "दुखत नाही तर काय त्रास" हे मी पस्तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की लांबच्या नसा आधी बिघडतात, आणि शरीरात सगळ्यात लांब पाय. आधी मुंग्या, रात्री आग, मग हळूहळू काहीच नाही. माणसाला वाटतं, आग थांबली, बरं झालं. त्यातच पायाचे बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं आकडतात आणि चवड्याखालच्या हाडांवर भार वाढतो. घामही कमी होतो, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. घट्टा म्हणजे तिथे भार जास्त येतोय म्हणून कातडीने केलेला बंदोबस्त. पण तो टणक झाला की चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मऊ भागाला दाबतो. पुष्कळदा वरून कोरडा घट्टा आणि खाली जखम, असं निघतं. म्हणून तो तासायलाच हवा, फक्त जाणत्या हाताने, निर्जंतुक सर्जिकल ब्लेडने, थराथराने.

आता "कोण" ते. विलायतेत पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायांवर उपचार करणारा, असा वेगळा व्यवसाय आहे. आपल्याकडे तशी माणसं फार थोडी. इथे हे काम काही डायबेटॉलॉजिस्ट, काही जनरल सर्जन आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सिस्टर करतात. नावं मी जाहीर लिहिणार नाही. फोन करून तीन गोष्टी विचारा. मोनोफिलामेंट लावून बघता का? पायाचं रक्ताभिसरण मोजता का? घट्टा तिथेच तासून देता का? तिन्हींना "हो" आलं तर जा. "आणा, बघू" आलं तर दुसरा फोन लावा. पुण्याची गरज पडेलसं वाटत नाही. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत दाखवा.

मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा जाडसर धागा. टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम भाराला वाकतो. डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठरलेल्या जागी टेकवतात. तो कळला नाही तर पायाची पहारेकऱ्याची ताकद गेली असं समजायचं. काही ठिकाणी कंप कळतो का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क किंवा बायोथेसिओमीटर नावाचं विजेवरचं यंत्र असतं. यंत्रात २५ व्होल्टच्या वर गेल्यावर कंप जाणवला तर धोका जास्त. रक्तासाठी घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून भागाकार करतात. ०.९ च्या खाली आला तर पायाकडे रक्त कमी जातंय. मात्र जुन्या मधुमेह्यांच्या धमन्या चुन्याने कडक होतात, मग आकडा १.३ च्या वर जातो आणि सगळं झकास आहे असं वाटतं. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब बघायचा.

किती दिवसांनी जायचं? पाय सगळ्या बाबतीत चांगला असेल तर वर्षातून एकदा. नुसती संवेदना गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. सोबत पायाचा आकार बिघडला असेल किंवा रक्त कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. अप्पांची तपासणी व्हायची आहे, पण करवंटी कळली नाही आणि जखम होऊन गेली, म्हणजे ते धोक्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर असणार. दर एक ते तीन महिन्यांनी.

---

रोखठोक | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२२

आमचे आजोबा आयुष्यभर अनवाणी शेतात राबले, पंढरीची वारी केली, नव्वदीत गेले. तेव्हा कुठे होते हे मोनो-फिनो? सगळा धंदा आहे. आधी घाबरवायचं, मग महागड्या चपला विकायच्या.

---

ड्रेसिंग_रूम | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

रोखठोक दादा, आजोबांना काटा टोचला की ते "आई गं" म्हणून खाली बसत असतील ना? तेवढाच फरक आहे. त्यांच्या पायाला बोलता येत होतं.

मी सिस्टर आहे, बावीस वर्षं ड्रेसिंग करते. पेडिक्युअरबद्दल लिहिते, कारण दर लग्नसराईनंतर एक तरी पाय तिथून माझ्याकडे येतो. मुली कष्टाळू असतात, त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या सगळ्यांना एकच करतात. वीस मिनिटं गरम पाण्यात पाय, मग खसाखसा दगड, नखाचं कातडं मागे रेटायचं, कोपरे खोल कोरायचे. बधिर पायाला यातलं एकेक चुकीचं. पाणी किती गरम ते गिऱ्हाइकाला कळत नाही, कातडी भिजून फुगते, आणि तीच कात्री आधीच्या बाईच्या चिखल्यांतून आलेली. फिश स्पा तर विचारूच नका.

आम्ही काय करतो ते सांगते. पाय भिजवत नाही. कोरडाच मांडीवर घेते. आधी दोन्ही पायांना हाताची मागची बाजू लावून बघते, एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का. मग बोटांच्या बेचक्या. मग घट्टा. ब्लेड आडवं धरून कांद्याचा पापुद्रा निघावा तसा थर काढायचा, गुलाबी दिसायला लागलं की थांबायचं. काळपट किंवा तांबूस ठिपका दिसला तर डॉक्टरांना हाक. नखं सरळ आडवी कापायची, कोपऱ्यात शिरायचं नाही. जाड पिवळी नखं आधी घासून पातळ करायची. अर्धा तास जातो एका माणसाला. पेशंट बहुतेक घोरत असतो, दुखत नाही ना काही.

घरी काय करायचं तेही सांगते. रोज रात्री पाय बघायचा. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा. धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, खोबरेल किंवा व्हॅसलिन टाचेला लावायचं, बेचक्यांत नाही. आमसुलाचं तेल भेगांना चांगलं, पण वाटीत वितळवून कोमट झाल्यावर, दुसऱ्याने बोट घालून बघून.

आणि एक, हसू नका. खाली अंथरुणावर झोपत असतील तर खाटेवर झोपवा, पायात सुती मोजे घाला. उंदराने कुरतडलेली बोटं मी तीन वेळा ड्रेस केलीयत. एका माणसाला सकाळी चहा पिताना बायकोने सांगितलं.

---

कडकभाकरी | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

सिस्टर, मी जेवूलालतो हो.

---

लेस्टरकर | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

मूळचा पाच्छा पेठेतला, आता वीस वर्षं इंग्लंडमध्ये. इथे शुगर निघाली की वर्षाला पायाच्या तपासणीचं पत्र घरी येतं. पोडियाट्रिस्ट हा कायद्याने नोंदणी लागणारा व्यवसाय आहे, पदवी घ्यावी लागते. पायाला जखम झाली तर एका कामकाजाच्या दिवसात पायाच्या पथकाकडे पाठवायचं, अशी इथली २०१५ ची मार्गदर्शिका आहे. कागदावर छानच आहे. माझ्या शेजाऱ्याने मात्र पत्रं ड्रॉवरमध्ये साठवली आणि अंगठा घालवला. तेव्हा आपले अप्पा काही वेगळे नाहीत.

---

लाल_डबा | १४ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो. सहसा लिहीत नाही, वाचतो. रोखठोक साहेबांसाठी लिहितो.

जुन्या गाडीत इंजिनचं बोनेट ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं. मला चप्पल काढून गाडी चालवायची सवय. नवा असताना डावा पाय बोनेटला लागला की चटकन मागे घ्यायचो. शुगर दहा-बारा वर्षांची झाली आणि पाय मागे घ्यायचं विसरला. मे महिना, तुळजापूर-उमरगा फेरी. डेपोत उतरलो तर करंगळी आणि शेजारच्या बोटावर पाण्याचे फोड, टपोऱ्या द्राक्षाएवढे. दुखत नव्हतं म्हणून फोडले. टूथपेस्ट लावली, वर हळद. चौथ्या दिवशी बायको म्हणाली घरात कायतरी मेलंय, कपाटामागे बघा. कपाट सरकवलं, माळा बघितला. वास माझ्या पायाचा होता.

दोन बोटं काढली. पाय वाचला. त्यानंतर चाल बदलली, भार दुसरीकडे जायला लागला आणि उरलेल्या बोटांच्या मागे नवीन घट्टा. बोट गेलं म्हणजे प्रकरण मिटत नाही, तिथून नवीन सुरू होतं. आता दर महिन्याला सिस्टरांकडे घट्टा काढून घेतो. चार वर्षं झाली, नवीन जखम नाही.

---

रोखठोक | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

काका, माफ करा. वडिलांना शुगर आहे, आज त्यांचे पाय बघतो.

---

विजापूर_रोड | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मध्येच विचारते. माझ्या आईचा डावा पाय घोट्यापासून खाली सुजलाय, लालसर आहे, जरा गरम लागतो. जखम कुठेच नाही, दुखतही फारसं नाही, चालते फिरते. मुरगळला असेल म्हणून दहा दिवस शेकतोय. शुगर पंधरा वर्षांची. हेही पायाच्या डॉक्टरांचंच का?

---

स्टेथो_खुंटीला | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:४१

ताई, शेक बंद. त्यांना चालू देऊ नका, खुर्चीत बसवा आणि आजच दाखवा, सोमवारची वाट नको. हा शार्कोचा पाय असू शकतो. बधिर पायातली हाडं आतल्या आत ढिली होतात, मोडतात, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच मोडक्या हाडांवर बाजारहाट करतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. दोन्ही पायांच्या तापमानात दोन अंश सेल्सिअसचा फरक असेल तर डॉक्टर सावध होतातच. आत पू झाला असेल किंवा शिरेत गुठळी असेल तर तेही घरबसल्या कळणार नाही. निघा.

---

आरी_आणि_दोरा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

चपलांचं काम करतो, वडिलोपार्जित. शुगरवाल्यांच्या चपला बारा वर्षांपासून.

आत एमसीआर लागतं, म्हणजे बारीक छिद्रांचा मऊ रबर. ओळखायची खूण सांगतो. अंगठा आणि बोटात धरून दाबा, निम्मं दबलं पाहिजे, सोडलं की वर आलं पाहिजे. दबलंच नाही तर ते नुसतं नावाचं. सगळंच दबून तळाला टेकलं तर तीन महिन्यांत पापड होईल. त्याखाली कडक सोल, काटा आरपार येऊ नये म्हणून. मागे पट्टा पाहिजेच. बधिर पायातून चप्पल सटकते आणि माणूस अर्धा रस्ता एकाच चपलेवर चालतो, हे मी नवी पेठेत डोळ्यांनी बघितलंय. अंगठ्याची नाकेरी नको, बेचकीत घासते. खिळा एकही नको, सगळं शिलाई आणि चिकटवण. माप संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय फुगतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास, काढून पाय बघायचा, मग वाढवायचं.

खरी अडचण वेगळीच. हे एमसीआर वेल्लोरकडे कुष्ठरोग्यांच्या चपलांसाठी वापरात आलं. तिथे डॉ. पॉल ब्रँड होते. त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याचा पाय आपोआप सडत नाही, कळत नसल्यामुळे पुन्हापुन्हा दाबून दाबून जखमी होतो. तेच गणित शुगरच्या पायाला लागलं. पण म्हाताऱ्या माणसांना त्या काळ्या पट्ट्याची चप्पल आठवते. "महारोग्याची चप्पल घालून देवळात जाऊ?" असं म्हणून पन्नास हजाराची अंगठी घातलेला माणूस माझ्या दुकानातून उठून गेलाय. म्हणून आता मी वरून कोल्हापुरीसारखं तपकिरी कातडं लावतो, वेणी घालतो, आत एमसीआर. दिसते पाटलाची चप्पल. खपते.

---

शहाबादी_फरशी | ९ मार्च, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. सांगायला उशीर झाला, कारण अप्पांना तयार करण्यातच पंधरा दिवस गेले. शेवटी लाल_डबा काकांची पोस्ट त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. कपाट सरकवल्याच्या वाक्यावर ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच आंघोळ करून सदरा घालून बसले.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन प्रश्न विचारत फोन केले. पहिल्या दोन ठिकाणी "घेऊन या, बघू". तिसऱ्या ठिकाणी बाईंनी फोनवरच विचारलं, आधी जखम होती का, किती दिवसांत भरली. तिथेच गेलो.

धागा लावायची तपासणी मी समोर बसून बघितली. अप्पा डोळे मिटून, हात गुडघ्यावर, पूजेला बसल्यासारखे. सिस्टर एकेका जागी धागा टेकवत होत्या, तो वाकत होता. बराच वेळ झाल्यावर अप्पा म्हणाले, "सुरू करा की बाई, किती वेळ बसायचं?" तोवर उजव्या पायाच्या सगळ्या जागा करून झाल्या होत्या. मला तिथे बसवेना, बाहेर जाऊन पाणी प्यायले.

घट्टा तासल्यावर खाली मसुरीएवढा काळा ठिपका निघाला. आत रक्त साकळलेलं. डॉक्टर म्हणाले आणखी काही आठवडे ब्लेड-ब्लेड खेळला असतात तर इथे भोक पडलं असतं. रक्ताभिसरण ठीक आहे, ०.९८. दर महिन्याला यायला सांगितलंय. चप्पल आरी-दोरावाल्या दादांनी लिहिलं तशी करून घेतली, वेणीची. शेजारच्या काकांनी "कोल्हापूरला गेलता का?" विचारलं. अप्पांनी "होय" म्हणून सांगितलं.

ब्लेडचं पाकीट आईने तांदळाच्या डब्यात लपवलंय. अप्पांना माहीत आहे.

---

विजापूर_रोड | १० मार्च, सकाळी ११:१५

डॉक्टर, तुमचे पाय धरायला पाहिजेत. एक्स-रे चांगला होता, एमआरआयमध्ये निघालं. शार्कोच. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंय, काही महिने लागतील म्हणाले. आई खुर्चीत बसून सगळ्यांना कामं सांगते. आधीही सांगायचीच.

---

शहाबादी_फरशी | १० मार्च, रात्री ९:५०

एक प्रश्न राहिलाच. पुढच्या जानेवारीचं काय? अप्पा म्हणतात, सिद्धरामेश्वरापुढे चप्पल घालून चालणार नाही, विषय बंद.

---

ड्रेसिंग_रूम | १० मार्च, रात्री १०:१२

जाड सुती मोजे घालून चालतात बरेच जण, पण करवंटीला मोजा काय अडवणार. पूर्ण मिरवणूक नकोच. आणि जानेवारी लांब आहे हो. त्याआधी चैत्र-वैशाखात देवळातल्या दगडी फरशीवर दुपारी बाराला प्रदक्षिणा घालू देऊ नका. दरवर्षी एप्रिलमध्ये भाजलेले तळवे येतात माझ्याकडे. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.

---

कडकभाकरी | १० मार्च, रात्री १०:३०

अप्पांना म्हणावं, बाळीवेशीत खुर्ची टाकून बसा. नंदीध्वज तुमच्यासमोरनं जातील. चहा मी आणतो, बिनसाखरेचा.

---

शहाबादी_फरशी | ११ मार्च, सकाळी ७:४०

विचारलं. खुर्चीला तयार आहेत. पण बसतानासुद्धा चप्पल काढूनच, म्हणाले.